पहिली बट

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

सात महिने झाले, तुझी एक ओळ नाही. तू रागावली आहेस हे कळण्याइतका मी शहाणा आहे. राग चुकीचा आहे असंही म्हणत नाही. पण मी लिहीत राहणार. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानात यंत्र घालायला तू तयार नाहीस, तेव्हा कागद-पेनाशिवाय मला दुसरा रस्ता नाही.

बातमी अशी, की लेकीने मला घराबाहेर काढलं. घाबरू नकोस, फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. तिच्या घरातली सगळी कपाटं माझी तीनदा लावून झाली होती. चौथ्यांदा हात घातला तेव्हा तिने हात जोडले. ती ज्या कॅन्सरच्या मुलांच्या हॉस्पिटलात रक्त तपासते, तिथे एक पाद्रीबाई आहेत. आजारी मुलांना भेटत वॉर्डावॉर्डातून हिंडणं हे त्यांचं काम, आणि त्यांना सोबतीला मोकळी माणसं लागतात. लेकीने परस्पर माझं नाव दिलं. लशींच्या सुया टोचून झाल्या, फॉर्म भरून झाले. धंद्याच्या रकान्यात मी नुसतं ‘निवृत्त’ लिहिलं.

पाद्रीबाई उंच आहेत, पायात पुरुषी बूट, आणि हसू मोजकंच. मला वाटलं, आता देवाधर्माचं काहीतरी पाठ करायला लावतील. त्यांनी सांगितलं ते एवढंच: मुलांना देवाबद्दल विचारायचं असेल तर ती आपणहून विचारतात, आपण खुर्ची ओढायची आणि बसायचं. बोलायला जमत नसेल तर आणखीच चांगलं, मोठी माणसं तिथे फार बोलतात. या देशाची भाषा मला येते ती दुकानात दूध मागण्यापुरती, म्हणजे या नोकरीला मी अगदी लायक.

कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगावर प्लास्टिकचा एप्रन चढवायचा, मग आत. पहिल्या दिवशी एक पोर झोपलेलं होतं, त्याच्याशेजारी वीस मिनिटं बसलो. दुसऱ्याने विचारलं की मी डॉक्टर आहे का. नाही म्हटल्यावर त्याने पांघरुणातून पाय बाहेर काढले आणि निवांत झाला.

तपासणीच्या खोलीत एक उंच खुर्ची आहे. लहान मुलाला बसवायचं तर तिच्या हातांवर आडवी फळी ठेवतात. ती फळी बघितली आणि आपलं दुकान डोळ्यांसमोर उभं राहिलं. दादा त्या फळीवर पोरांना बसवायचे आणि केसाला हात लावायच्या आधी कात्री नुसती हवेत वाजवायचे, कानाजवळ, डोक्यावर, पाठीमागे. पोर हसलं की मगच कापायला घ्यायचे. मी खुर्चीमागे केस झाडत उभा असायचो आणि तू दाराशी पाटी-पुस्तक घेऊन बसलेली, आईने हाक मारेपर्यंत.

दाजींना नमस्कार. लोभ आटला असेल तर तळाला उरला असेल तेवढा तरी पाठव.

तुझा,
बारक्या


ता. ३ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद. रागावले आहे, पण आशीर्वादात काटछाट केलेली नाही.

पत्र पोचलं. अक्षर मात्र असं काय रे? शाईतून कोंबडी चालत गेल्यासारखं. दाजींना भिंग घेऊन वाचायला बसवलं, त्यांनी दोन ठिकाणी ‘पाद्रीबाई’चं ‘पापडीबाई’ केलं आणि मी अर्धा दिवस कोड्यात पडले.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा आपला बोलतो, दाजी आपले बोलत नाहीत. त्यांनी गच्चीवर कुंड्यांचं खूळ काढलंय. काल आपल्या गावी जाऊन आले, दुकानावरूनच गेले. तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकलेली असतात. पाटी उतरवली, आरसे उतरवले. दादांची खुर्ची कुठे गेली ते विचारायला माझं तोंड उघडलं नाही. चाळीस वर्षं दादांनी आणि पस्तीस वर्षं तू, बाप-लेकांनी चालवलेलं दुकान, आणि विकल्यावर मला कळवतोस! लेक बोलावतेय म्हणालास. लेक बोलावत होती म्हणून एका आठवड्यात कुणी असं करतं का? जाऊ दे. लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, तरी लिहिलंच.

धंदा लपवलास ते मला पटलं नाही. त्या मुलांच्या वॉर्डात न्हाव्याला काय कमी काम असणार! औषधांनी केस जातात ना त्यांचे? माझे टायफॉइडमध्ये गेले होते ते आठवतं का तुला? अकरा वर्षांची होते मी, तू आठचा. कमरेपर्यंत वेणी होती. उशीवर केसांचा पुंजका दिसला की आई उशीचा अभ्राच बदलायची, जणू मला कळणारच नाही.

भाचीला आणि जावयांना आशीर्वाद. पेन नवं घे. उत्तराची वाट बघणार नाही असं म्हणते, पण टपाल येतं त्या वेळेला मी दारातच असते.

तुझी,
ताई


ता. २७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा एकट्याने, एकदा लेकीला ऐकवायला, आणि तिसऱ्यांदा नुसतं तुझं अक्षर बघायला.

तू धंद्याचं म्हणालीस आणि तेच पुढे आलं. पाचव्या खोलीत एक मुलगी आहे, दहा वर्षांची. मी तिला मनातल्या मनात वेणीवाली म्हणतो. आम्ही इथल्या मुलांची नावं घराबाहेर नेत नाही, तसा नियमच आहे. ती कुणाशी बोलत नव्हती. पाद्रीबाई दोन आठवडे तिच्याकडे बसून आल्या, उत्तर नाही. एकदा मी बसलो होतो आणि खिडकीकडे बोट दाखवून ‘पाऊस’ म्हणायला गेलो, तर भलताच शब्द निघाला. म्हणे त्याचा अर्थ ‘झुरळ’. मुलगी हसली नाही, पण तिने तो शब्द दुरुस्त केला. तेव्हापासून ती माझी मास्तरीण. मंगळवारी शब्द देते, शुक्रवारी घोकून घेते, आणि दहापैकी गुण देते. आतापर्यंत चाराच्या वर गेलो नाही. शाळेतही जात नव्हतो म्हणा.

तिची वेणी मागच्या महिन्यात मनगटाएवढी जाड होती, आता करंगळीएवढी राहिली आहे. गळलेले केस ती एका मोज्यात भरून उशीखाली ठेवते. आईने दोनदा विनवलं की सगळेच काढून टाकू, रोज रोज गळताना बघायला नको. हॉस्पिटलची एक केस कापणारी आहे, तिच्याकडे मुलीने पाठ फिरवली. आई जिन्यात जाऊन रडते.

आणि गेल्या शुक्रवारी लेक पाद्रीबाईंना बोलून गेली की माझे वडील पस्तीस वर्षं हेच करत होते. पाद्रीबाईंनी मला जिन्याजवळ थांबवून विचारलं. मी नाही म्हटलं. माझी हत्यारं मी तिकडेच देऊन टाकली, इथली पद्धत वेगळी, परवाना लागत असेल, असं काय काय सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या की नाही म्हणायला एकच कारण पुरतं, मी चार दिली.

तुझे केस दादांनी काढले तो दिवस मला आठवतो. अंगणात स्टूल, तुझ्या गळ्याभोवती आईची जुनी चादर. मी दाराच्या फटीतून बघत होतो. दादा शीळ घालत होते आणि हात कसा सपासप चालला होता. आणि तू रडली नाहीस. ते त्यांनी कसं जमवलं, तुला काय सांगितलं, हे जरा आठवून लिहिशील का? मी करणार नाही, पण इथल्या केस कापणारीला निदान सांगता येईल.

दाजींच्या कुंड्यांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बारक्या


ता. १५ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकट्याने वाच, मग हवं तर भाचीला दे.

तुझ्या पाद्रीबाईंनी चार कारणं मोजली. मी एक मोजलं. तुझी गेल्या तीन वर्षांतली पत्रं डब्यातून काढून ओळीने मांडली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत अक्षर सरळ आहे. मग ‘र’ची शेपटी हलायला लागते, मग सगळ्याच रेघा. दिवाणखान्याएवढ्या लांब मागच्या पत्रात तू एकदाही तब्येतीबद्दल लिहिलं नाहीस. हात थरथरतो ना रे तुझा? म्हणून दुकान विकलंस ना?

मी बहीण असून मला दिसलं नाही, आणि सात महिने रुसून बसले. त्याबद्दल काय लिहू.

आता दादांचं ऐक. तुला आठवतं ते सगळं खरं, पण तू फटीतून पाठ बघत होतास, मी समोरून बघत होते. दादा शीळ घालत नव्हते. ते दातांतून श्वास घेत होते. त्यांनी कात्री हातात घेतली, वेणी धरली, आणि हात असा हलायला लागला की कात्रीची पाती एकमेकांवर वाजायला लागली. गावाच्या डोक्यांवर फिरलेला हात तो, पण माझ्या डोक्याजवळ येईना. दोनदा त्यांनी हात खाली घेतला. मग ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “पोरी, माझ्याच्याने सुरुवात होत नाही. पहिली बट तू काप, पुढचं मी बघतो.”

मी कापली. कानाजवळची, दोन बोटं रुंद. फार जोर लागला. केस हातात आले तेव्हा मला वाईट वाटलं नाही बारक्या, मला वाटलं की हे मी केलं, तापाने नाही. त्यानंतर दादांचा हात बराच ठरला. तरी माझ्या डाव्या कानामागे एक व्रण आहे, तो त्यांचाच.

आणि दुसरं. हे मी दादांना शब्द दिला होता म्हणून आजवर बोलले नाही. तू शहरातल्या मोठ्या सलूनमध्ये शिकायला होतास ती शेवटची दोन वर्षं दादांचा हात रोजच थरथरायचा. उजवं मनगट डाव्या हाताने धरायचे, कोपर बरगडीला टेकवायचे आणि मग वस्तरा लावायचे. माहीत असलेली जुनी गिऱ्हाइकं तेवढी येत राहिली. मला म्हणाले होते, बारक्याला कळलं तर तो शिक्षण टाकून परत येईल. म्हणून तुला वाटलं की दादा थकले आणि बसले. ते थकले नव्हते. तू शिकून येईपर्यंत ते दुकान धरून होते.

शब्द मोडला. दादा असते तर ओरडले असते, पण ओरडून झाल्यावर हात दाखवला असता तुला.

त्या मुलीला काय सांगायचं ते तुझं तू बघ. डॉक्टरला मात्र दाखवून घे, भाचीशी खोटं बोलू नकोस.

तुझी,
ताई


ता. ६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन मी घरामागच्या बाकावर दुपारभर बसलो. मग आत गेलो आणि लेकीसमोर दोन्ही हात टेबलावर ठेवले. ती म्हणाली की मी आलो त्या दिवसापासून तिला माहीत आहे, चहाचा कप बशीत वाजतो. मी कधी बोलतो याची वाट बघत होती. म्हणजे या घरात लपवणारा मी एकटाच नव्हतो. डॉक्टर म्हणतात, हा जीवघेणा प्रकार नाही, वयाने होतो, कुणाच्या घराण्यातही असतो. ते घराण्याचं ऐकून मला उलट बरं वाटलं.

दुकान एका आठवड्यात का विकलं तेही सांगतो. आपल्या शाळेतले ते निवृत्त मास्तर, दर रविवारी माझ्याकडे येणारे, त्यांच्या कानाला वस्तरा लागला. बरंच रक्त आलं. त्यांनी स्वतःच तुरटी उचलून दाबली आणि वर्तमानपत्र वाचत बसले. एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या रविवारी पुन्हा आले आणि खुर्चीत डोळे मिटून मान वर केली. ते मला सहन झालं नाही, ताई. शिव्या दिल्या असत्या तर दुकान चालू ठेवलं असतं. खुर्ची विकलेली नाही. मास्तरांच्या पडवीत ठेवून आलोय, जाऊन बघ.

आता वेणीवालीचं. गेल्या मंगळवारी शब्दांची उजळणी झाली, तीन गुण मिळाले. मग मी पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं. ते असं, की मी न्हावी आहे, आणि माझा हात थरथरतो, म्हणून मी एकटा कापू शकत नाही. हात तिच्यासमोर धरला. तिने तो बघितला. मग तिने आधी माझं व्याकरण सुधारलं. क्रियापद चुकलं होतं. मी पुन्हा नीट म्हटलं. तेव्हा तिने विचारलं, “दुखतं का?” मी म्हटलं, नाही, फक्त लाज वाटते. हा शब्द मला येत नव्हता, तो तिनेच दिला. मग म्हणाली की तिलाही वाटते.

शुक्रवारी तिने स्वतःच आईला सांगितलं. नर्सने स्पिरिटने पुसलेली कात्री आणली. दाराशी पाद्रीबाई उभ्या, आई पलंगाच्या पायथ्याशी. मी कात्री हवेत वाजवायला गेलो तर तिने बजावलं की ती काही चार वर्षांची नाही. कात्री तिच्या हातात दिली. आरसा मी धरला, तोही हलत होता, तेव्हा आईने दुसरी बाजू धरली. पहिली बट तिने कापली. नंतर उरलेली वेणीही तिनेच, तीन झटक्यांत, आणि आईच्या ओंजळीत ठेवली. पुढचं मी मशीनने केलं, कोपर बरगडीला टेकवून. मशीन मुळातच थरथरतं, त्यात माझी थरथर कोण बघतो. एकही ओरखडा नाही. शेवटी मऊ ब्रशने मानेवरचे केस झाडले, दादा झाडायचे तसे, कानामागून खाली.

तिने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली की डोकं गार लागतंय. आई हसली आणि मग रडली, पण या वेळी जिन्यात गेली नाही. मी बाहेर येऊन हात धुतले. पाद्रीबाईंनी टॉवेल दिला आणि मला आठ गुण दिले. व्याकरणाचे दोन कापले म्हणाल्या.

दाजींना नमस्कार. तुझ्या रागासकट सगळं हवंय मला, नुसता लोभ पुरत नाही.

तुझा,
बारक्या


ता. २४ मे

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद, आज जरा जास्तच.

मास्तरांकडे जाऊन आले. खुर्ची पडवीत आहे, त्यावर मास्तरांची मांजर झोपते. मला बसवलं, मांजराला उठवून. मास्तर म्हणाले, तुमच्या भावाला सांगा, त्याच्या मागे तीन ठिकाणी हजामत केली, एकाचाही हात हलत नाही आणि एकालाही माझ्या हनुवटीचा खळगा कळत नाही. मी त्यांना दादांचं सांगितलं. ते म्हणाले की त्यांना माहीत होतं, ते दादांच्या त्या दोन वर्षांच्या गिऱ्हाइकांतलेच. म्हणजे तुझा वस्तरा लागल्यावर ते गप्प बसले ते उगीच नाही. त्यांना या दुखण्याची सवय होती.

घरी येताना वाटेत थांबले आणि कानामागचा व्रण चाचपला. सापडायला वेळ लागला. इतका लहान झालाय.

मुलीचं पुढचं कळव. दाजी रोज विचारतात, आणि ते काही विचारतात हीच केवढी गोष्ट.

तुझी,
ताई


ता. ३० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं हे कळत नव्हतं.

जूनअखेर वेणीवालीला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. तिथले उपचार निराळे आहेत, एवढंच कळलं. जायच्या आदल्या शुक्रवारी तिने मला पलंगाशेजारच्या खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि जाहीर केलं की आता तिची पाळी. माझ्या केसांचा मला किती तोरा ते तुला माहीत आहे. पस्तीस वर्षं दुसऱ्या न्हाव्याला मी डोकं दिलेलं नाही. दिलं. नर्सने तिला पायाखाली पाट दिला. ती मध्येच दमायची, बसायची, आणि पुन्हा उभी राहायची. मी मान ताठ ठेवून बसलो होतो. मास्तर डोळे मिटून का बसायचे ते तेव्हा कळलं. भीतीने नाही. आपल्या डोक्यावर कुणी एवढं मन लावून काम करत असलं की मिटतातच.

झालं तेव्हा उजवीकडे जिन्याच्या पायऱ्या होत्या आणि मागे एक मोकळा चौक. आरसा बघून मी म्हटलं, दहापैकी दहा. ती म्हणाली की खोटं बोलू नका, सहा. सहा हा शब्द माझ्या तोंडून बरोबर निघतो की नाही हे तिने तेवढ्यातही तपासून घेतलं.

पाद्रीबाईंचा एक नियम आहे, इथून गेलेल्या मुलांची चौकशी करायची नाही. घरच्यांना कळवावंसं वाटलं तर ते कळवतात. बावीस वर्षं त्या हे पाळताहेत. मी विचारलं की जमतं कसं. त्या म्हणाल्या, जमत नाही. आणि आम्ही पुढच्या खोलीत गेलो. तिथे सहा वर्षांचा एक नवा मुलगा आहे, त्याला कात्री हवेत वाजवलेली फार आवडते.

लेक म्हणते बाबा, निदान मागची बाजू तरी सारखी करून घ्या, शेजारी विचारतात. मी टोपी न घालता हिंडतो. पण केस काय थांबतात का? महिन्याला अर्धा इंच, हिशोब ठरलेला, एवढं मला या धंद्याने शिकवलं आहे. पायऱ्या बुजत चालल्या आहेत. रोज सकाळी आरशासमोर उभा राहून बोटाने बघतो. तिकडचं काही कळत नाही, ताई. पण औषधं थांबली असतील तर एव्हाना तिच्याही डोक्यावर बोटाला लागण्याइतके आले असतील. लहान मुलांचे आधी मऊ येतात, पिसासारखे, आणि सुरुवातीला कंगव्यात येत नाहीत.

दाजींना नमस्कार, मास्तरांना नमस्कार, मांजराला खुर्चीत राहू दे. उत्तर लवकर लिही, आणि लोभ असाच हलत्या हाताने का होईना, पण सोडू नकोस.

तुझा,
बारक्या